बर्लिनर शॉर्ट-फेस टंबलर: पिल्लं पहिल्या दहा दिवसांत का जातात आणि काय करायचं

बर्लिनर शॉर्ट-फेस टंबलर ही आखूड चोचीची कबुतरं पाळणाऱ्या जवळपास प्रत्येक ढाबळीत लक्षणं सारखीच. दोन्ही अंड्यांत बीज धरलेलं. अठराव्या दिवशी एक पिल्लू बाहेर येतं, दुसरं कवचाला टोचा मारून आतच मरतं. बाहेर आलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी सकाळी मलूल दिसतं, तिसऱ्या दिवशी गार पडलेलं सापडतं. नर-मादी मात्र तंदुरुस्त असतात आणि मेलेल्या पिल्लावरही ऊब देत बसून राहतात. मग ढाबळ धुतली जाते, पाण्यात औषध पडतं, दाणा बदलला जातो. पुढच्या विणीला पुन्हा तेच.

जर्मनीत या जातीला ‘बर्लिनर कुर्त्से’ म्हणतात. कुर्त्से म्हणजे आखूड. तिची बहीण ‘बर्लिनर लांगे’, म्हणजे लांब तोंडाची. शहर तेच, घराणं कोलांट्या मारणाऱ्या टंबलरांचंच, पण लांगे आपली पिल्लं स्वतः वाढवते आणि कुर्त्सेला बहुतेक वेळा ते जमत नाही. या एका फरकातच दुखण्याचं मूळ आहे. वारंवार, निरोगी जोड्यांकडे, पहिल्याच तीन दिवसांत पिल्लं जात असतील तर कारण जंतू नसून चोच आहे, असं धरून तपासणीला सुरुवात करावी. औषधाची बाटली नंतर.

ही अडचण आजची नाही. सर्वात उत्तम आखूड चोचीच्या टंबलरांची पिल्लं बाहेर येतात त्याहून जास्त अंड्यातच मरतात, म्हणून पाळणारे कवच फोडायला हात लावतात, ही गोष्ट डार्विनने १८५९ मध्येच नोंदवली आहे. त्याच्यासमोरचे टंबलर इंग्लंडमधले होते, पण चोच आखूड करत नेली की परिणाम कुठेही तोच होतो.

चोचीमुळे नेमकं काय अडतं

चिमणीचं पिल्लू तोंड उघडतं आणि आई त्यात घास टाकते. कबुतरात हे उलटं असतं. पिल्लू आपली चोच आईबापाच्या तोंडात खुपसतं आणि मोठं कबूतर गळ्याखालच्या अन्नपिशवीत तयार झालेलं दूध उचक्या देत वर आणतं. जन्मलेल्या पिल्लाचे डोळे चारपाच दिवस मिटलेले असतात, त्याला तोंड शोधता येत नाही. म्हणून सुरुवातीला मोठं कबूतरच पिल्लाची चोच अलगद पकडतं, तोंडात घेतं, आणि मग दूध येतं. यासाठी दोन गोष्टी लागतात. मोठ्याच्या चोचीला पकड हवी आणि पिल्लाच्या चोचीला आत शिरण्याइतकी लांबी हवी. कुर्त्सेच्या जोडीत दोन्ही कमी. चोच नीट बसत नाही, दूध पिल्लाच्या गालावर, डोळ्यांवर आणि नाकपुड्यांवर सांडतं. जोडी प्रयत्न सोडत नाही, म्हणून लांबून पाहणाऱ्याला ती भरवते आहे असंच वाटतं. पिल्लाच्या पोटात मात्र थेंबभरही गेलेलं नसतं.

अंड्यातला मृत्यूही याच कारणाने होतो. सोळाव्या-सतराव्या दिवशी पिल्लाची चोच अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत शिरते आणि तिथून श्वास सुरू होतो. मग चोचीच्या टोकावरचा बारीक टणक दात कवचाला आतून टोचा मारतो. आखूड चोच आणि गोल मोठं डोकं असलेल्या पिल्लाचा हा टोचा उथळ बसतो, कवचाभोवती फिरून गोल काप घेण्याची त्याची ताकद लवकर संपते.

आधी वेळ बघा, मग अन्नपिशवी

वय तासांत मोजल्याशिवाय निदान होत नाही. त्यामुळे प्रत्येक घरट्याला एक कार्ड लावा. पहिल्या अंड्याची तारीख, दुसऱ्याची तारीख, टोचा पडल्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, आणि सकाळ-संध्याकाळ अन्नपिशवीची स्थिती: रिकामी, अर्धी, भरलेली. सोबत ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हवा. छोट्या टंबलरचं पिल्लू जन्मतः साधारण १० ते १२ ग्रॅमचं असतं. नीट दूध मिळालं तर दोन दिवसांत वजन दुप्पट होतं. चोवीस तासांत दोन ग्रॅमही वाढ नसेल तर त्याला दूध मिळत नाही, मग जोडी कितीही मायेने बसलेली दिसो.

अन्नपिशवी गळ्याखाली, छातीच्या वर असते. पहिल्या दिवशी कातडी इतकी पातळ असते की आतलं दूध पिवळसर पांढरं दिसतं. बाहेर आल्यावर पहिले सहा-आठ तास ती रिकामी असली तरी घाबरू नका, पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू तेवढं तग धरतं. बारा तासांनीही रिकामी असेल तर हात घालायची वेळ झाली.

पिल्लू अंड्यातच गेलं तर प्रश्न कवच फोडण्याचा किंवा ओलाव्याचा आहे. पहिल्या तीन दिवसांत, रिकाम्या अन्नपिशवीने गेलं तर चोचीचा. चौथ्या ते सहाव्या दिवशी, अन्नपिशवीत अख्खे दाणे असताना गेलं तर दूध लवकर आटलं. सातव्यानंतर, भरल्या पोटी आणि गार अंगाने गेलं तर थंडीचा. आणि अन्नपिशवी भरलेली पण आंबट वासाची, किंवा तोंडात पिवळा थर, किंवा हिरवी पातळ विष्ठा दिसली, तरच आजाराच्या वाटेने जा.

कवचात अडकलेलं पिल्लू

दिवस दुसऱ्या अंड्यापासून मोजा. कबुतरी पहिलं अंडं बहुधा संध्याकाळी घालते आणि दुसरं साधारण ४४ तासांनी, म्हणजे तिसऱ्या दिवशी दुपारी. पहिलं अंडं काढून लाकडी किंवा प्लास्टिकचं खोटं अंडं ठेवा आणि दुसरं आलं की दोन्ही एकदम परत द्या. नाहीतर एक पिल्लू दुसऱ्याआधी बाहेर येतं आणि कमजोर असलेलं धाकटं मागे पडतं. या जातीत अर्ध्या दिवसाचा फरकही महागात जातो.

अठराव्या दिवशी संध्याकाळपर्यंत टोचा दिसला नाही तर अंडं अंधारात छोट्या टॉर्चपुढे धरा. हवेच्या पोकळीत चोचीची सावली हलताना दिसली म्हणजे पिल्लू जिवंत आहे आणि आत श्वास घेतंय. आणखी बारा तास थांबा. तरीही टोचा नसेल तर बोथट टोकाला, पोकळीच्या अगदी वर, निर्जंतुक सुईने टाचणीच्या डोक्याएवढं एकच भोक पाडा. हवा मिळाली की पुष्कळ पिल्लं पुढचं काम स्वतः करतात.

टोचा पडून चोवीस तास झाले आणि पुढे काही सरकलं नाही, तर मदत करावी लागते. खोली २५ अंशांच्या वर गरम ठेवा, हात धुऊन ऊबदार करा. कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून निथळवा आणि टोच्याभोवतीची तपकिरी, वाळलेली पडदी ओली करा. पाणी नाकपुडीत जाऊ देऊ नका, तेवढ्या थेंबानेही पिल्लू गुदमरतं. टोच्याचं भोक चिमट्याने पाच मिलिमीटरपर्यंत मोठं करा आणि पडदीत लाल रक्तवाहिन्या दिसतात का ते बघा. दिसल्या तर लगेच थांबा. अंडं परत घरट्यात ठेवा आणि चार ते सहा तासांनी पुन्हा बघा. रक्तवाहिन्या फिकट झाल्या, पडदी कागदासारखी पांढरी झाली, की बोथट टोकाची टोपी कडेकडेने उचला. पिल्लाला ओढून बाहेर काढू नका. खालच्या अर्ध्या कवचात पाय राहू द्या, म्हणजे बेंबीतून उरलेला बलक आत ओढून झाला की ते स्वतःच लाथ मारून बाहेर पडतं. घाईत केलेल्या मदतीने जितकी पिल्लं मरतात तितकी उशिराने मरत नाहीत.

हे वारंवार होत असेल तर ओलावा तपासा. जर्मनीत वीण फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते आणि त्या थंडीत ढाबळ गरम ठेवली की हवा कोरडी पडते. घरट्यात पेंढ्याचा जाड थर द्या आणि शेवटच्या तीन दिवसांत आंघोळीचं भांडं ठेवा. मादी भिजल्या पिसांनी अंड्यांवर बसते, तेवढा ओलावा पुरतो. मशीनमध्ये उबवत असाल तर ३७.५ अंश तापमान आणि पहिले पंधरा दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता ठेवा. मग अंडी फिरवणं थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्या. पण मशीन पिल्लं काढून देतं, दूध देत नाही. मशीन असलं तरी पुढची पायरी टळत नाही.

दाई-जोडी: खरा उपाय

आखूड तोंडाच्या टंबलरांच्या जर्मन पाळणाऱ्यांकडे दाई म्हणून ठेवलेल्या कबुतरांचा वेगळा कप्पा असतो. तिकडे त्यांना ‘अम्मन’, म्हणजे दूधआयाच म्हणतात. सोपा हिशेब असा की एका कुर्त्से जोडीमागे दोन, शक्य असल्यास तीन दाई-जोड्या. एकच ठेवली तर अंडी घालण्याची वेळ जुळणं नशिबावर राहतं, आणि यातलं अर्धं यश वेळेवर अवलंबून आहे.

त्याचं कारण दुधात आहे. कबुतराचं दूध नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीच्या आतल्या थरातून येतं. अंड्यांवर बसल्यापासून साधारण आठव्या दिवशी हा थर जाड होऊ लागतो, सोळाव्या-सतराव्या दिवशी दूध तयार असतं. त्याच्या सुक्या भागात जवळपास ६० टक्के प्रथिनं, ३० ते ३५ टक्के स्निग्धांश आणि पिष्ट जवळपास शून्य. पहिले तीनचार दिवस पिल्लू फक्त यावर जगतं, मग त्यात भिजलेले दाणे मिसळू लागतात, आणि दहाव्या दिवसाच्या आसपास दूध जवळजवळ संपतं. म्हणून बारा दिवस बसलेल्या दाईला नवं पिल्लू दिलं तर ती त्याला ऊब देईल पण दूध देऊ शकणार नाही. आणि जिची स्वतःची पिल्लं पाच दिवसांची आहेत तिला आजचं पिल्लू दिलं तर ती त्याच्या घशात अख्खे दाणे ढकलेल.

वेळ जुळवायला सगळ्या जोड्या एकाच दिवशी जमवा. दाई-जोड्या एक-दोन दिवस मागेपुढे अंडी घालतात, तेवढं चालतं. कुर्त्सेची अंडी लवकर आली तर ती साठवता येतात. १२ ते १५ अंश तापमानाच्या, फार कोरड्या नसलेल्या जागी, आडवी, दिवसातून दोनदा फिरवून, पाच दिवसांपर्यंत ठेवा. सातच्या पुढे बीज अशक्त होतं. अंड्यांवर नरम पेन्सिलीने जोडीचा क्रमांक आणि तारीख लिहा, स्केचपेन नको, शाई कवचातून आत झिरपते.

अंडी बदलायची ती संध्याकाळी, उजेड मंद करून. कबुतराला आपलं अंडं ओळखता येत नाही, त्याला फक्त घरट्याच्या वाडग्यात दोन गोल वस्तू हव्या असतात. दाईची स्वतःची अंडी काढून कुर्त्सेची ठेवा आणि कुर्त्सेच्या घरट्यात खोटी अंडी ठेवा. हे शेवटचं विसरू नका. घरटं रिकामं सापडलं की मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा अंडी घालते, आणि अशी सलग अंडी घेत राहिलं की कवच पातळ होतं, मादीच्या हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं. खोट्या अंड्यांवर तिला दहा-बारा दिवस बसू द्या, मग अंडी काढा. त्याहून जास्त बसवलं तर अन्नपिशवीत दूध भरतं, ते घ्यायला पिल्लू नसतं, आणि गळा सुजून तुंबतो. एका मादीकडून एका हंगामात तीन, फार तर चार विणी.

दाई कुठली निवडायची? सहज मिळतात ती शर्यतीची होमर कबुतरं, आणि ती आईबाप म्हणून उत्तमच. पण त्यांचं पिल्लू मोठं, त्यांची चोच लांब आणि त्यांचा भरवण्याचा जोर दहा ग्रॅमच्या कुर्त्सेला जड जातो. त्याची अन्नपिशवी ते इतकी ताणतात की पिल्लू मान उचलू शकत नाही. मध्यम चोचीचे, लहान अंगाचे, लांब तोंडाचे टंबलर जास्त चांगले. बर्लिनर लांगे हाताशी असेल तर तिच्याहून सोयीची दाई शोधायची गरज नाही. दोन विणी स्वतःची पिल्लं नीट वाढवलेली, दोन ते पाच वर्षांची जोडी घ्या. पहिलटकर जोडीला दाई करू नका.

दाईला स्वतःचं पिल्लू आणि कुर्त्सेचं पिल्लू मिळून कधीही देऊ नका. दाईचं पिल्लू दोन दिवसांत दुप्पट मोठं होतं, पुढे घुसतं, आणि सगळं दूध त्याच्याकडे जातं. द्यायची ती कुर्त्सेचीच दोन सारख्या वजनाची, किंवा एकटंच.

चौथ्या दिवसाची अदलाबदल

पाचव्या-सहाव्या दिवशी जाणाऱ्या पिल्लांसाठी हा उपाय, आणि चांगल्या ढाबळींतली बरीचशी यशस्वी पिल्लं यानेच वाचतात. कुर्त्सेचं पिल्लू सामान्य पिल्लापेक्षा हळू वाढतं. चौथ्या-पाचव्या दिवशी दाईचं घड्याळ सांगतं की आता दाणे सुरू करा, पण पिल्लाची अन्नपिशवी आणि घसा अजून दुधाचेच असतात. म्हणून चौथ्या दिवशी ते पिल्लू दुसऱ्या दाईकडे द्या, जिची पिल्लं आज किंवा काल फुटलीत. तिच्याकडे नव्या दुधाचे आणखी चार दिवस मिळतात. पहिल्या दाईला त्याच वयाचं दुसरं पिल्लू द्या, नाहीतर तिचं दूध तुंबेल. याच कारणासाठी दाई-जोड्या दोन गटांत, चार ते पाच दिवसांच्या अंतराने जमवाव्यात.

भरवल्यानंतर पिल्लाच्या नाकपुड्या आणि चोचीच्या कडा बघा. आखूड चोच दाईच्या तोंडात जरा जास्तच खोल जाते आणि दूध नाकावर चिकटतं. ते वाळलं की कवच बनतं, श्वास अडतो, आणि एका बाजूने दाब पडून चोच वाकडी वाढू लागते. ओल्या कापसाच्या काडीने रोज एकदा पुसा. वाकडी चोच पाचव्या दिवशी दिसली तर सुधारते, पंधराव्या दिवशी नाही.

सातव्या दिवसानंतरची थंडी

मोठी दाई सात-आठ दिवसांनी रात्री पिल्लांवर बसणं कमी करते, कारण तिच्या जातीच्या पिल्लांना तोवर पिसांचे कोंब आलेले असतात. कुर्त्सेचं पिल्लू त्या वयात अजून पिवळं, उघडं आणि छोटं असतं. मार्चमधल्या बर्लिनच्या रात्रीत ते भरल्या पोटी गारठून मरतं, आणि सकाळी भरलेली अन्नपिशवी बघून पाळणारा चक्रावतो. गार शरीरात दाणे पचत नाहीत, ते तसेच आंबतात.

वाडगा खोल घ्या, २० सेंटिमीटर व्यासाचा, आत कापलेल्या पेंढ्याचा तीन बोटं थर. पिल्लू एकटंच असेल तर बाजूला कोमट केलेली खोटी अंडी ठेवा, त्यांना टेकून ते बसतं. हवामान वाईट असेल तर पहिली वीण सरळ एप्रिलपर्यंत लांबवा. लवकर जन्मलेलं पिल्लू हिवाळी प्रदर्शनापर्यंत जास्त भरतं हे खरं, पण मेलेलं पिल्लू कुठल्याच प्रदर्शनात जात नाही.

जन्मसालाचं बंद कडं साधारण सातव्या ते नवव्या दिवशी पायात घालतात. कुर्त्सेचा पाय हळू वाढतो, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा कडं मागच्या बोटावरून सरकून पुन्हा निसटत नाही ना हे बघा. ते चढवताना पिल्लू पाच मिनिटांहून जास्त घरट्याबाहेर नको.

दाई नसेल तेव्हा हाताने

हा आधाराचा मार्ग आहे, नेहमीचा नाही. पहिल्या दोन दिवसांत कबुतराचं दूध अजिबात न मिळालेलं पिल्लू हातावर वाढवणं फार कठीण आहे. निदान दोन दिवस कुठल्याही दाईकडे काढले तर शक्यता कितीतरी वाढते. दाईकडे पाठवता येत नसेल तर पोपटाच्या पिल्लांची तयार पावडर घ्या, पहिले तीन दिवस ती अगदी पातळ, ताकासारखी करा, आणि त्यात उकडलेल्या अंड्याचा गाळलेला बलक मिसळा. दूध-पाव, रवा, पीठ, गोड काही देऊ नका. कबुतराच्या दुधात पिष्ट नसतं, आणि त्या वयाच्या आतड्याला ते पेलत नाही.

मिश्रण ३९ ते ४० अंश हवं. गार असेल तर अन्नपिशवी रिकामी होणं थांबतं, ४२ च्या वर गेलं तर ती भाजते. एका वेळी पिल्लाच्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे १२ ग्रॅमच्या पिल्लाला १ ते १.२ मिलिलिटर, पहिल्या दिवशी दर दोन तासांनी. चौथ्या दिवसापासून दर चार तासांनी. सिरिंजचं पुढचं टोक कापून त्यावर पातळ रबर ताणा, मध्ये लहान चीर द्या. पिल्लू त्या चिरेत स्वतः चोच खुपसून पितं, घशात नळी घालावी लागत नाही. अन्नपिशवी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय पुढचा घास नाही, रात्री एकदा तरी तिला रिकामी होऊ द्या. पिल्लू ठेवायच्या ऊबदार पेटीचं तापमान पहिले तीनचार दिवस ३५ ते ३६ अंश, मग रोज एक अंशाने खाली.

आजार असेल तर तो असा दिसतो

कँकर, म्हणजे ट्रायकोमोनास या एकपेशीय जंतूचा आजार, दाईच्या दुधातूनच पिल्लाला जातो. तोंडात आणि घशात चीजसारखा पिवळा थर, कधी बेंबीत गाठ. मोठं कबूतर निरोगी दिसत असतानाही ते जंतू बाळगतं. म्हणून हंगामाआधी प्रत्येक जोडीच्या आणि विशेषतः प्रत्येक दाईच्या अन्नपिशवीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. नमुना ताजा, कोमट हवा, गार झाला की जंतू हलायचे थांबतात आणि दिसत नाहीत. औषध आणि मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची. अंदाजाने दिलेल्या अर्धवट मात्रेने औषध न जुमानणारे जंतू तयार होतात.

साल्मोनेला या जिवाणूमुळेही अंड्यात पिल्लं मरतात, पण तिथे मृत्यू उबवणीच्या कुठल्याही दिवशी होतो, टोच्याच्या वेळीच नाही. सोबत मोठ्यांमध्ये सांधे सुजणं, पंख लोंबणं दिसतं. मेलेली अंडी प्रयोगशाळेत द्या. आणि रात्री टॉर्च घेऊन घरट्याच्या फटी बघा. लाल माइट दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. फिकट पडलेलं, अस्वस्थ, वाढ खुंटलेलं पिल्लू आणि फटींत राखाडी धूळ दिसली की कारण सापडलं.

मोठ्यांचा दाणा

ज्या चोचीने भरवता येत नाही तिने उचलणंही कठीण. मका आणि मोठे वाटाणे कुर्त्सेला घेता येत नाहीत, ते तळाशी उरतात आणि जोडी उपाशी राहते. बारीक दाणे द्या: ज्वारी, गहू, मसूर, मूग, करडई, थोडं जवस. जर्मनीतल्या कबूतर-मिश्रणात पांढरी ज्वारी ‘डारी’ नावाने आणि लाल ज्वारी ‘मिलो’ नावाने येते, तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाने पिशवीवर तीच शोधावी. पिल्लं असताना कडधान्याचा वाटा एक तृतीयांश ठेवा. भांडं पसरट नको. दाण्याचा थर तीनचार सेंटिमीटर खोल हवा, म्हणजे चोच दाण्यात दाबता येते. पसरलेल्या एकेरी दाण्यांवर आखूड चोच घसरते. पाणीही निदान तीन सेंटिमीटर खोल, कारण कबूतर चोच बुडवून ओढून पितं. शिंपल्यांचा चुरा आणि ग्रिट, म्हणजे बारीक खडे, वेगळ्या भांड्यात, रोज ताजं.

पुढची पिढी निवडताना

दाई हा उपाय आहे, पण दाईवर वाढलेल्या पिल्लांतून फक्त सर्वात आखूड तोंडाची निवडत गेलं तर दर पिढीत प्रश्न जास्त अवघड होतो. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्याचं कलम ११ब प्राण्याला वेदना किंवा इजा पोचवणाऱ्या पैदाशीला मनाई करतं, आणि या कलमाचा अर्थ लावणाऱ्या १९९९ च्या तज्ज्ञ अहवालात कबुतरांच्या आखूड चोचीचाही विचार झाला आहे. कायदा नसता तरी हेच योग्य ठरलं असतं. जी जात स्वतःचं पिल्लू जगवू शकत नाही ती पाळणाऱ्याच्या हातावर टांगलेली राहते.

करायचं ते असं. मे महिन्यात, हवा ऊबदार झाल्यावर, प्रत्येक कुर्त्से जोडीला एका विणीत एकच पिल्लू स्वतः वाढवू द्या. शेजारी तेवढेच दिवस अंड्यांवर बसलेली दाई तयार ठेवा. पिल्लू बाहेर आल्यापासून बारा तासांनी आणि मग रोज दोनदा वजन करा. चोवीस तासांत वाढ दोन ग्रॅमच्या खाली राहिली की पिल्लू दाईकडे हलवा आणि कार्डावर ‘भरवलं नाही’ लिहा. तीन दिवस पोचवलं, सात दिवस पोचवलं, की वीस, हे नर आणि मादी दोघांच्या नावावर वेगवेगळं नोंदवा, कारण बहुतेक वेळा दोघांतला एकच नीट भरवत असतो. पुढच्या वर्षी दोन भरवणारे एकत्र जमवा, त्यांच्या चोचीचं टोक एखाद्या मिलिमीटरने लांब असलं तरी. तोंडाची रुंदी आणि खालच्या चोचीची मजबुती तपासा, ती वरच्या चोचीइतकी रुंद असेल तर पकड बसते. आणि ज्या मादीची अंडी दर विणीत टोच्यालाच अडतात, तिची अंडी त्या वर्षानंतर उबवायला ठेवू नका.